कॅमेऱ्याची निवड : खिशातला की खांद्यावरचा?

व्यापाऱ्याच्या घरी वस्तू येते ती दोन वाटांनी येते. एक गरजेची वाट आणि दुसरी हौसेची. गरजेने आलेल्या वस्तूचा हिशेब आपण पैशापैशाने मांडतो. हौसेने आलेल्या वस्तूचा हिशेब बहुधा मांडीत नाही. कॅमेरा ही वस्तू या दोन वाटांच्या नाक्यावर उभी आहे, म्हणून तिच्याविषयी व्यापाऱ्याच्या दृष्टीने चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले. तामसी, आदिलाबाद आणि किनवट या टापूतील घराघरांतून अलीकडे एकच प्रश्न कानी येतो. मुलाने अथवा सुनेने कॅमेरा घ्यावयाचा म्हटले आहे. तर लेन्स बदलता येणारा, दुकानदार ज्यास ‘फुलफ्रेम मिररलेस’ म्हणतात तो मोठा कॅमेरा घ्यावा, की सदऱ्याच्या खिशात राहील असा लहान ‘कॉम्पॅक्ट’ घ्यावा? प्रत्येकाच्या हातात मोबाइल असताना हा खर्च मुळात करावाच कशाला, असेही वडीलधारी मंडळी विचारतात, आणि त्यांचे विचारणे रास्तच आहे.

प्रश्न दिसावयास किरकोळ आहे. तथापि आपल्या भागातील जुने व्यवहार आपल्या डोळ्यांदेखत मावळत आहेत. गादी-तक्क्याची पेढी, लाल कापडाच्या बांधणीच्या हाती लिहिलेल्या वह्या, माळवदाची घरे, आणि त्या घरांत ज्यांनी संसार थाटले ती माणसे, यांपैकी पुष्कळसे आणखी वीस वर्षांनी पाहावयास मिळणार नाही. त्यांचे चित्र मागे राहील की नाही, हे त्या त्या क्षणी कोणते यंत्र हाताशी होते यावर बरेचसे अवलंबून राहील. यास्तव या निवडीचा विचार थोडा खोलात शिरून करणे आवश्यक आहे.

मोठा-लहान हा वाद जुनाच

आपला हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यातील छायाचित्रणाचा विचार करू लागताच पहिले नाव आठवते ते राजा दीनदयाळ यांचे. उत्तर प्रदेशातील मेरठजवळच्या सरधना येथे १८४४ साली एका जैन जवाहिऱ्याच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. रुडकी येथे शिक्षण घेऊन ते इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि तेथे त्यांना या कलेचा छंद जडला. पुढे ते सिकंदराबादेस आले, सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले, आणि १८९४ साली त्यांना ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ हा किताब मिळाला. इंदूर, सिकंदराबाद व मुंबई येथे त्यांचे स्टुडिओ होते. १९०५ साली ते निवर्तले. त्यांच्या स्टुडिओतील २,८५७ काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ साली विकत घेऊन जतन केल्या आहेत. त्यांचे कॅमेरे लाकडी, तिपाईवर उभे करावयाचे, आणि प्रत्येक चित्रास एक स्वतंत्र काच. दरबार, राजवाडे, सैन्याच्या कवायती यांची त्यांनी घेतलेली चित्रे आजही एक-एक सुरकुती दाखवितात. परंतु हे यंत्र जेथे गाडी जाते व जेथे माणसे पुढ्यात स्तब्ध उभी राहतात तेथलेच.

दुसरे नाव क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांचे. कुमराम भीम यांच्या १९४० च्या उठावानंतर निजाम सरकारने आदिलाबादच्या गोंड समाजाच्या स्थितीचा अभ्यास या मानववंशशास्त्रज्ञांकडे सोपविला. तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील मार्लवाई या लहानशा गोंड गावी ते पत्नीसह राहिले. ‘राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा त्यांचा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यांची छायाचित्रे लंडनच्या ‘सोआस’ या विद्यापीठीय संस्थेत आहेत. वाड्या-पाड्यांतून हिंडत, लोकांच्या अंगणात बसून केलेले हे काम काचांच्या पेट्या वाहून होण्यासारखे नव्हते. त्यास हाती धरता येणारे, फिल्मवर चालणारे यंत्रच हवे होते.

हे हाती धरावयाचे यंत्र आले कोठून? जर्मनीतील वेट्झलार येथील लाइट्झ कंपनीत ऑस्कर बारनाक नावाचे एक यंत्रज्ञ होते. जड कॅमेरा पाठीवर वाहणे प्रकृतीस झेपेना, म्हणून त्यांनी सिनेमाच्या ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर चालणारा लहान कॅमेरा १९१४ च्या सुमारास तयार केला. चित्राचा चौकोन ठेवला ३६ बाय २४ मिलिमीटर. १९२५ साली लायप्झिगच्या जत्रेत तो ‘लायका’ या नावाने बाजारात आला. काचेवर चित्रे घेणारे जुने उस्ताद त्यास खेळणे समजत असत. वाचकांनी लक्षात घ्यावे की, आज ज्यास आपण ‘फुलफ्रेम’, म्हणजे पूर्ण चौकट म्हणतो, ती हीच ३६ बाय २४ ची चौकट होय! शंभर वर्षांपूर्वीचा लहान कॅमेरा आज मोठा ठरला आहे. सारांश, मोठे व लहान हे शब्द सापेक्ष आहेत. खरा प्रश्न कोणते काम, कोठे आणि किती वेळा, हाच आहे.

गोदाम आणि दार

आता आजच्या यंत्रांकडे वळू. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यात लेन्समागे एक आरसा असे. तो प्रकाश वर वळवून डोळ्यापर्यंत पोहोचवी आणि बटण दाबताच उचलला जाई. हा आरसा काढून टाकला, आणि दृश्य एका छोट्या पडद्यावर दाखविले, की झाला मिररलेस. सोनीने २०१३ साली अल्फा ७ ही मालिका आणली. कॅनन व निकॉन यांनी २०१८ साली आपापले फुलफ्रेम मिररलेस काढले. आज मोठ्या कॅमेऱ्यांचा बाजार बहुतांशी याच जातीचा आहे.

फिल्मच्या जागी आलेल्या प्रकाशग्राही पट्टीस ‘सेन्सर’ म्हणतात. फुलफ्रेमच्या सेन्सरचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर भरते. खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांत दोन मुख्य जाती आहेत. रिको जीआर ३ (२०१९) व त्याच्या नंतरचा जीआर ४ (२०२५) यांत ‘एपीएस-सी’ जातीचा सेन्सर असतो. जीआर ३ मध्ये तो २३.५ बाय १५.६, म्हणजे सुमारे ३६७ चौरस मिलिमीटरचा आहे. सोनी आरएक्स १०० च्या मालिकेत ‘एक इंची’ म्हणून ओळखला जाणारा, सुमारे ११६ चौरस मिलिमीटरचा सेन्सर असतो. मोबाइलचे सेन्सर बहुधा याहूनही लहान. सेन्सर मोठा तितका प्रकाश अधिक, आणि रात्रीच्या चित्रात दाणे कमी, हे तत्त्व खरे आहे.

परंतु ते अर्धेच खरे आहे. सेन्सर हे गोदाम मानले तर लेन्स हे त्याचे दार होय. गोदाम कितीही मोठे बांधले, पण दार चिंचोळे ठेवले, तर एका दिवसात माल आत येणार तो दाराच्या मापानेच. मोठ्या कॅमेऱ्यासोबत पुष्कळदा जी मध्यम किमतीची झूम लेन्स मिळते, तिचे छिद्र ‘एफ ४’ असते. २८ मिलिमीटरवर त्याचा व्यास भरतो ७ मिलिमीटर. जीआर ३ ची स्थिर लेन्स १८.३ मिलिमीटरची, छिद्र एफ २.८, व्यास साडेसहा मिलिमीटर. दृश्याची रुंदी दोहोंत जवळजवळ सारखीच. म्हणजे खांद्यावरचा मोठा कॅमेरा आणि खिशातला लहान कॅमेरा हे दोन्ही त्या दृश्यातून जवळजवळ सारखाच प्रकाश गोळा करतात! मात्र त्याच मोठ्या कॅमेऱ्यास २८ मिलिमीटर एफ २ ची लेन्स लावली, तर दार १४ मिलिमीटरचे होते आणि प्रकाश जीआरच्या चौपटीहून अधिक येतो. तात्पर्य, मोठ्या कॅमेऱ्याची किंमत वसूल होते ती लेन्समध्ये. ज्यास चांगल्या लेन्सवर खर्च करावयाचा नाही, त्याने मोठे गोदाम बांधूच नये.

वजनाचा विचारही करावा. सोनी अल्फा ७ मार्क ४ (२०२१) बॅटरीसह सुमारे ६६० ग्रॅम. त्यावर २४-७० मिलिमीटर एफ २.८ ची दुसऱ्या आवृत्तीची उत्तम झूम लेन्स ६९५ ग्रॅम. एकूण सव्वा किलोच्या वर. जीआर ३ बॅटरी व कार्डासह २५७ ग्रॅम, म्हणजे पाचांत एकाहूनही कमी. या दोहोंच्या मधली वाटही आहे. कॅनन आर ८ (२०२३) हा फुलफ्रेम असूनही ४६१ ग्रॅमचा, व त्यावरची ५० मिलिमीटर एफ १.८ ची लेन्स १६० ग्रॅमची. हे दोन्ही मिळून खिशात मावत नाहीत, पण पिशवीत सहज राहतात.

चित्राच्या बारकाव्यासाठी जो ‘मेगापिक्सेल’ हा आकडा सांगतात, त्याने भुलून जाऊ नये. जीआर ३ चा आकडा २४ आहे आणि कित्येक फुलफ्रेम कॅमेऱ्यांचाही तोच आहे. २४ मेगापिक्सेलचे चित्र छापखान्याच्या उत्तम प्रतीने २० बाय १३ इंचांपर्यंत छापता येते. घरातील भिंतीवर याहून मोठी तसबीर सहसा लागत नाही.

आपली हवा, आपले प्रसंग

शहरातील दुकानदार जे सांगतो ते शहराच्या हवेस धरून असते. आपल्या भागाचे निराळे आहे.

पहिली गोष्ट कापसाची. दिवाळीनंतर आदिलाबादच्या बाजारात कापूस येऊ लागला, की जिनिंगच्या आवारात तंतू व धूळ हवेत तरंगत राहतात. अशा जागी लेन्स बदलणे म्हणजे उघडी वही पावसात धरण्यासारखेच. मोठ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर बसलेला एक कण पुढच्या प्रत्येक चित्रात काळा ठिपका होऊन उमटतो. म्हणून लेन्स घरीच लावून निघावे. खिशातल्या कॅमेऱ्याची लेन्स निघत नाही हे बरे. पण पुढे-मागे सरकणाऱ्या नळीतून बारीक धूळ तेथेही शिरते, आणि ती काढावयास यंत्र कारागिराकडेच न्यावे लागते. सदऱ्याच्या खिशात सुटा न ठेवता कापडी पिशवीत ठेवला तर पुष्कळ बचाव होतो.

दुसरी गोष्टही कापसाचीच. कॅमेऱ्याचे प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरी करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरते. त्यामुळे पांढऱ्या कापसाच्या ढिगाचे किंवा शुभ्र धोतर-सदऱ्यातील मंडळींचे चित्र मळकट येते. यास उपाय सोपा आहे. प्रकाशाचे माप एक पायरी वाढवावे. यंत्र लाखाचे असो की दोन लाखांचे, हे ज्ञान हवेच, आणि ते विकत मिळत नाही.

तिसरी गोष्ट ऋतूंची. पावसाळ्याच्या दमटपणाने लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह कॅमेरा ठेवावा. चामड्याच्या पेटीत कोंडून ठेवू नये. उन्हाळ्याच्या प्रखर उन्हात जीआरसारख्या लहान कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा दिसेनासा होतो, आणि त्यास डोळा लावावयाची खिडकी नाही. मोठ्या कॅमेऱ्यास ती असते. बॅटरीचेही तसेच. जीआर ३ ची बॅटरी सुमारे २०० चित्रांपुरती सांगितली आहे. अल्फा ७ मार्क ४ ची ५०० च्या पुढे. दिवसभराच्या कार्यात लहान कॅमेऱ्यास जादा बॅटरी जवळ असलीच पाहिजे.

आता प्रसंगांकडे पाहू. चाळीस नातलगांचे एकत्र चित्र दिवसाउजेडी अंगणात घ्यावयाचे, तर पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सर्व चेहरे स्पष्ट हवे असतात. तेथे पार्श्वभूमी अंधूक करण्याची मोठ्या कॅमेऱ्याची शक्ती उपयोगाची नाही. दोन्ही यंत्रांची चित्रे शेजारी ठेवली तर ओळखू येणे कठीण. तेच लग्नमंडपात रात्री, दिव्यांच्या कमी-अधिक उजेडात, सप्तपदी चालू असताना दुरून टिपावयाचे असेल, तर फुलफ्रेम व मोठ्या छिद्राची लेन्स यांस तोड नाही. शिवाय अशा अनेक यंत्रांत दोन कार्डे बसतात, म्हणजे एक बिघडले तरी चित्रे जात नाहीत. लग्न पुन्हा लावता येत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. पैनगंगेपलीकडील टिपेश्वरच्या अभयारण्यात वाघ पाहावयास जाणाऱ्यांना तर लांब पल्ल्याची लेन्स हवीच. लहान कॅमेरा तेथे केवळ आपल्या सोबत्यांची चित्रे घेऊन परत येईल.

उलट पक्षी, आजोबा दुपारी पेढीवर बसून चष्मा वर सारून हिशेब तपासीत आहेत, हे चित्र मोठ्या कॅमेऱ्याने सहसा मिळत नाही. तो समोर धरताच आजोबा टोपी नीट करतात आणि क्षण निघून जातो. लहान कॅमेरा आवाज करीत नाही आणि समोरच्यास दडपण आणीत नाही. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेस किंवा दिवाळीतील गुसाडी नृत्यास आपल्यापैकी अनेक जण जातात. गोंड बांधव पिढ्यान्‌पिढ्या आपल्या दुकानांचे गिऱ्हाईक आहेत. पौष अमावास्येच्या रात्री मेश्राम कुळाची पूजा चालते, तेथे कोणतेही यंत्र काढण्यापूर्वी त्यांच्या वडीलधाऱ्यांची अनुमती घेणे हे आपले कर्तव्य होय. यंत्र लहान आहे म्हणून चोरून चित्र घेता येते, असा अर्थ कोणी करू नये.

आणि मोबाइल? मालाचा नमुना, पावती, ट्रकचा क्रमांक यांसाठी तो पुरेसा आहे. खरे पाहता मोबाइलनेच कॅमेऱ्यांचा बाजार उलथून टाकला. २०१० साली जगात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ साली ही संख्या ८० लाखांच्याही आत आली. स्वस्त कॉम्पॅक्ट त्यात बहुतांशी नाहीसे झाले, आणि आता जे चांगले उरले आहेत ते महाग आहेत. म्हणून खिशातला कॅमेरा म्हणजे कमी किमतीचा, ही समजूत सोडली पाहिजे.

रोजमेळाच्या भाषेत

समजा, मोठा कॅमेरा व चांगली लेन्स मिळून दोन लाख रुपये पडले आणि तो वर्षातून चार दिवस कपाटाबाहेर निघाला. दहा वर्षांत चाळीस दिवस. म्हणजे दर दिवसास पाच हजार रुपये. समजा, लहान कॅमेरा एक लाखाचा, आणि तो वर्षातून शंभर दिवस खिशात राहिला. दहा वर्षांत एक हजार दिवस. दर दिवसास शंभर रुपये. आकडे मानलेले आहेत. प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. पण कॅमेऱ्याची किंमत दुकानातील पाटीवरून न ठरविता वापराच्या दिवसांनी भागून ठरवावी, ही रीत कोणाही व्यापाऱ्यास पटेल. याच रीतीने मोबाइलही तपासावा. ज्याची चित्रे मोबाइलवरच बघितली जातात आणि कधी छापली जात नाहीत, त्यास दोहोंपैकी एकही कॅमेरा घेण्याचे कारण नाही.

आणखी दोन बाबी. २०१९ च्या जानेवारीपासून डिजिटल कॅमेऱ्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. घरगुती उपयोगाच्या खरेदीवर त्याचे क्रेडिट मिळत नाही, हे आपल्या कर-सल्लागारांकडून समजून घ्यावे. दुसरे असे की, कॅमेऱ्याचे यंत्र नव्या आवृत्तीबरोबर झपाट्याने उतरते, परंतु चांगली लेन्स पुष्कळ वर्षे भाव धरून राहते. मोठ्या कॅमेऱ्याच्या वाटेने जाणाऱ्याने भांडवल लेन्समध्ये अधिक व यंत्रात कमी गुंतवावे.

आमची सूचना

आपल्या गावोगावी समाजाची भांडी ठेवण्याची चाल होती व काही ठिकाणी ती अजून आहे. शंभर पानांच्या पंक्तीची पातेली प्रत्येकाने घरी बाळगावयाची नसतात. ती समाजाच्या कोठीत असतात, कार्याच्या वेळी नोंद करून न्यावयाची व घासून-पुसून परत करावयाची. घरी मात्र रोजच्या स्वयंपाकाचे पातेले प्रत्येकाचे स्वतःचे. कॅमेऱ्याच्या बाबतीत आम्हांस हीच रीत योग्य वाटते. ज्या घरी हौस आहे, त्या घराने खिशातला कॅमेरा घ्यावा आणि तो रोज वापरावा. मोठा फुलफ्रेम कॅमेरा, मोठ्या छिद्राच्या दोन लेन्स व एक भक्कम तिपाई आपल्या मंडळाने सामाईक घ्यावी. दोन-तीन तरुण मुलामुलींस तो चालविण्याचे शिक्षण द्यावे, नोंदवही ठेवावी, आणि दुरुस्तीपुरते नाममात्र भाडे घ्यावे. ज्यांचा व्यवसायच छायाचित्रणाचा आहे, किंवा ज्यांच्या हातून महिन्यातून चार-पाच वेळा तरी तो निघेल, त्यांनी अर्थातच स्वतःचा घ्यावा.

या सामाईक कॅमेऱ्याचे पहिले काम आम्ही सुचवितो. जुन्या वह्या व घराण्याची जुनी कागदपत्रे यांच्या प्रती तिपाईवरून घ्याव्यात. त्यांची शाई फिकी पडत आहे, आणि तो मजकूर वाचून सांगणारी माणसेही थोडीच उरली आहेत. आणि येत्या दिवाळीत, वहीपूजनाच्या दिवशी, तामसी व आसपासच्या प्रत्येक सभासदाच्या दुकानापुढे घरातील सर्वांत वडील व्यक्तीस मध्ये बसवून एक चित्र घ्यावे. ते मोबाइलमध्ये न ठेवता छापून घ्यावे. मागे पेन्सिलीने नावे, गाव व साल लिहावे. एक प्रत घरी व एक मंडळाच्या कार्यालयात ठेवावी. राजा दीनदयाळांच्या काचा शतकाहून अधिक काळ टिकल्या, त्या कोणीतरी जपून ठेवल्या म्हणूनच. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत ही सर्व चित्रे क्रमाने छापता यावीत अशी आमची इच्छा आहे. सभासदांनी आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांची नावे वहीपूजनापूर्वी कार्यालयात कळवावीत, ही नम्र विनंती.